उतारवयात ब्रिटनला परतताना: पेन्शन, घर आणि राहणीखर्चाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या किनाऱ्यावर, सायप्रसमध्ये, गोव्यात किंवा पुण्यात निवृत्तीची वर्षे घालवलेले अनेक ब्रिटिश नागरिक सत्तरीनंतर पुन्हा ब्रिटनची वाट धरतात. कुणाचा जोडीदार जातो, कुणाला एकट्याने आजारपण काढवत नाही, कुणाला मुला-नातवंडांजवळ राहायचे असते, तर कुणाची परदेशात न वाढणारी, म्हणजे गोठलेली पेन्शन (प्रश्न ४) वाढत्या खर्चाला पुरेनाशी होते. त्यांत उमेदीची वर्षे ब्रिटनमध्ये नोकरी करून पुढे महाराष्ट्रात परतलेले मराठी लोकही आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे रकमा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या आहेत. त्या दर एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे अर्ज करताना चालू दर पाहावा.

१. मी ब्रिटिश नागरिक आहे, पण वीस वर्षे बाहेर राहिलो. परत आल्या दिवसापासून मला सगळे हक्क मिळतील का?

देशात येण्याचा आणि राहण्याचा हक्क नागरिकाला कायमच असतो. तो वर्षांच्या गैरहजेरीने संपत नाही. सवलतींचे मात्र तीन वेगवेगळे थर आहेत. पहिल्या थरात एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेची) वैद्यकीय सेवा आणि तुमची स्वतःची स्टेट पेन्शन (वर्गणीवर मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन) येते. कायमचे राहायला आलेल्या नागरिकाला या दोन्ही गोष्टी लगेच मिळतात. दुसऱ्या थरात पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरला मिळणारी भर), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याची मदत), कौन्सिल टॅक्समधील (स्थानिक घरकरातील) सूट आणि कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे घर येते, आणि त्यासाठी ‘हॅबिच्युअल रेसिडेन्स टेस्ट’ ही रहिवासाची कसोटी पार करावी लागते (प्रश्न २). तिसऱ्या थरात अटेंडन्स अलाउन्ससारखा आजारपणाचा भत्ता येतो, ज्यासाठी सामान्यतः दोन वर्षांचे वास्तव्य आधी पूर्ण असावे लागते (प्रश्न १०). आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ हे तीन थर एकच समजून पैशांचा हिशेब मांडण्यात असते.

२. ‘हॅबिच्युअल रेसिडेन्स टेस्ट’ म्हणजे नेमके काय? माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असताना ती मला का लागू व्हावी?

ही कसोटी १९९४ साली आली आणि ती परतणाऱ्या ब्रिटिश नागरिकांनाही लागू आहे. पासपोर्टमुळे राहण्याचा हक्क सिद्ध होतो. पण तुम्ही प्रत्यक्षात येथे स्थिरावला आहात की नाही, हे अधिकारी वेगळे तपासतो. कायद्यात या शब्दांची व्याख्या नाही. १९९९ मध्ये नेसा या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) असे ठरवले की केवळ स्थायिक होण्याचा इरादा पुरेसा नाही, तर काही काळ प्रत्यक्ष राहून दाखवले पाहिजे. हा काळ व्यवहारात बहुधा एक ते तीन महिन्यांचा धरला जातो. त्याच निकालात एक महत्त्वाची सवडही ठेवलेली आहे: जी व्यक्ती पहिल्यांदा येत नसून आपला पूर्वीचाच रहिवास पुन्हा सुरू करत आहे, तिचे प्रकरण वेगळे असू शकते. तुम्ही लेस्टरमध्ये तीस वर्षे नोकरी केली असेल, मुले तेथेच असतील आणि परदेशातले घर आवरून आला असाल, तर अर्जात हे सगळे ठळकपणे मांडावे.

पुराव्यासाठी परदेशातले घर विकल्याचे किंवा भाडेकरार संपवल्याचे कागद, एकेरी विमानतिकीट, सामान पाठवल्याची पावती, जीपीकडे (एनएचएसच्या स्थानिक डॉक्टरकडे) नावनोंदणी, बँकखाते, भाडेकरार आणि मुलांच्या पत्त्याचे पुरावे उपयोगी पडतात. परतीचे तिकीट हातात ठेवून ‘काही महिने राहून पाहू’ असे मुलाखतीत सांगणाऱ्याचा अर्ज सहसा फेटाळला जातो. तेव्हा निर्णय पक्का झाल्यावरच अर्ज करावा, आणि जे खरे आहे तेच सांगावे.

३. मधल्या एक ते तीन महिन्यांत खर्च कसा भागवायचा?

याचे सोपे उत्तर नाही आणि तसे भासवणे अन्यायाचे होईल. या काळात स्टेट पेन्शन, खासगी पेन्शन आणि शिल्लक हाच आधार असतो. किमान तीन महिन्यांचे भाडे, डिपॉझिट आणि घरखर्च एवढी रक्कम ब्रिटनमधल्या खात्यात आधीच आणून ठेवावी. जून ते ऑगस्टमध्ये परतल्यास पहिला कसोटीचा काळ हीटिंगच्या मोठ्या बिलांशिवाय पार पडतो. ज्यांना वेळ निवडता येते त्यांनी तो जरूर निवडावा.

अर्ज मात्र थांबवून ठेवू नये. फेटाळला गेला तर एका महिन्याच्या आत फेरविचाराची मागणी करता येते आणि त्याच वेळी नवा अर्जही करता येतो, कारण दरम्यान तुमचे वास्तव्य वाढलेले असते. मागणी आणि अर्ज दोन्ही करावेत. पेन्शन क्रेडिट तीन महिने मागील तारखेपासून मागता येते, परंतु कसोटी ज्या दिवशी पूर्ण झाली त्याच्या मागे ते जात नाही. कागद भरण्यासाठी सिटिझन्स अॅडव्हाइस आणि एज यूके या संस्था विनामूल्य मदत करतात.

४. भारतात राहत असताना माझी स्टेट पेन्शन इतकी वर्षे वाढलीच नाही. परतल्यावर ती वाढेल का?

होय, वाढेल. ब्रिटनची स्टेट पेन्शन दरवर्षी वाढते, पण ही वाढ ब्रिटनमध्ये, युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशांत, स्वित्झर्लंडमध्ये आणि अमेरिकेसारख्या तसा करार असलेल्या काही देशांतच मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे राहणाऱ्यांची पेन्शन पहिल्या हप्त्याच्या किंवा देश सोडतानाच्या दरावर गोठते. समजा, कुणाला २००५ मध्ये पूर्ण बेसिक पेन्शन (जुन्या पद्धतीची स्टेट पेन्शन) सुरू झाली आणि तेव्हापासून तो पुण्यात आहे. त्याला आजही आठवड्याला ८२.०५ पौंडच मिळतात, तर त्याच्याइतकीच वर्गणी भरून ब्रिटनमध्ये राहिलेल्याला १७६.४५ पौंड मिळतात. वर्गणी एकच, वय एकच, फरक फक्त पत्त्याचा, आणि तरीही एकाला दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अॅनेट कार्सन आणि इतर पेन्शनर युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले, पण २०१० मध्ये तेथेही निकाल त्यांच्या विरोधात लागला. आमच्या मते हा नियम अन्यायाचा आहे, आणि म्हातारपणी माणसांना स्वतःची इच्छा नसताना घर मोडून परतायला लावणाऱ्या कारणांत तो मोठा आहे.

कायमचे परतल्यावर न्यूकॅसल येथील आंतरराष्ट्रीय पेन्शन केंद्राला नवा पत्ता आणि परतल्याची तारीख कळवावी. पेन्शन चालू दरावर येते, मात्र गेलेल्या वर्षांचा फरक मिळत नाही.

५. फक्त भेटीसाठी ब्रिटनला आलो तर वाढीव पेन्शन मिळते का? आणि परतल्यावर मन बदलले तर?

भेटीच्या काळापुरता वाढीव दर मागता येतो, मात्र तो मागावा लागतो. तुम्ही परत गेलात की पेन्शन पुन्हा जुन्या गोठलेल्या दरावर येते. याउलट खरोखर ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन काही काळाने पुन्हा भारतात राहायला गेलात, तर पेन्शन दुसऱ्यांदा देश सोडतानाच्या दरावर गोठते. या दोहोंतला फरक वास्तव्य खरे होते की नाही यावर ठरतो. तेव्हा दर वाढवून घेण्यासाठी स्थायिक झाल्याचा देखावा करू नये. चुकीची माहिती दिल्यास रक्कम वसूल केली जाते.

६. माझी पेन्शन खूपच थोडी आहे. पेन्शन क्रेडिटमुळे किती आधार मिळतो?

पेन्शनचे वय गाठलेल्या माणसाचे साप्ताहिक उत्पन्न ठरावीक पातळीपेक्षा कमी असेल तर सरकार ते त्या पातळीपर्यंत भरून देते. ही पातळी एकट्यासाठी २२७.१० पौंड आणि जोडप्यासाठी ३४६.६० पौंड आहे. म्हणजे फक्त १७६.४५ पौंडांची बेसिक पेन्शन असलेल्या एकट्या व्यक्तीला आठवड्याला ५०.६५ पौंड वरचे मिळतात. नवी स्टेट पेन्शन ६ एप्रिल २०१६ रोजी किंवा त्यानंतर पेन्शनचे वय गाठणाऱ्यांसाठी आहे आणि तिचा पूर्ण दर २३०.२५ पौंड आहे. मात्र त्यासाठी सामान्यतः ३५ वर्षांची आणि किमान दरासाठी १० वर्षांची नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीची नोंद लागते. मधली वर्षे परदेशी गेल्याने ज्यांची नोंद अपुरी आहे त्यांनी हा आधार अवश्य तपासावा.

पेन्शन क्रेडिटचे खरे मोल त्या पन्नास पौंडांहून जास्त आहे. ते मिळाले की कौन्सिल टॅक्समध्ये मोठी किंवा पूर्ण सूट, घरभाड्याला मदत, वीजबिलातील १५० पौंडांचे वॉर्म होम डिस्काउंट, मोफत दंतउपचार आणि ७५ वर्षांनंतर मोफत टीव्ही लायसन्स यांची दारे उघडतात. अनेक मराठी कुटुंबांत ‘सरकारपुढे हात पसरायचा नाही’ या भावनेने अर्जच केला जात नाही. तुम्ही आयुष्यभर भरलेल्या करांतूनच ही तरतूद झालेली आहे. तिचा हक्काने अर्ज करावा.

एक अपवाद लक्षात ठेवावा. जोडीदाराचे वय पेन्शनच्या वयापेक्षा कमी असेल तर १५ मे २०१९ पासून नव्या अर्जदार जोडप्याला सामान्यतः पेन्शन क्रेडिट मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिटसाठी (कमावत्या वयातील कमी उत्पन्नाच्या लोकांच्या भत्त्यासाठी) अर्ज करावा लागतो. त्याची रक्कम कमी असते आणि १६,००० पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असल्यास ते मिळतच नाही.

७. पुण्यात माझा फ्लॅट आणि बँकेत मुदत ठेवी आहेत. त्या मोजल्या जातात का? फ्लॅट मुलाच्या नावावर केला तर?

मोजल्या जातात. मालमत्ता परदेशात असली तरी ती भांडवलच आहे, आणि ती अर्जात न दाखवणे हा गुन्हा ठरू शकतो. पेन्शन क्रेडिटला भांडवलाची वरची मर्यादा नाही. पहिले १०,००० पौंड सोडून पुढील प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरले जाते. १६,००० पौंडांच्या ठेवी असतील तर १२ पौंड उत्पन्न धरले जाईल आणि प्रश्न ६ मधले ५०.६५ पौंड ३८.६५ वर येतील. फ्लॅटची किंमत साठ-सत्तर लाख रुपये असेल तर मात्र बहुधा काहीच उरणार नाही.

तुम्ही फ्लॅट विकायचा प्रामाणिक प्रयत्न करत असाल तर त्याची किंमत सहसा पहिले २६ आठवडे आणि गरज पडल्यास त्यापुढेही दुर्लक्षिली जाते. राहते घर विकून आलेले पैसे नवे घर घेण्यासाठी ठेवले असतील तर त्यांनाही ठरावीक काळ सूट असते. त्यामुळे एजंटशी झालेला पत्रव्यवहार आणि जाहिराती जपून ठेवाव्यात. सवलत मिळावी म्हणून फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केला, तर अधिकारी ते भांडवल अजून तुमच्याकडेच आहे असे धरू शकतात. आपल्याकडे वडिलांनी हयातीतच वाटणी करणे रीतीचे मानले जाते, पण या नियमापुढे तो बचाव टिकेलच असे नाही.

भारतातले पैसे आणण्याबाबत: तुम्ही अनिवासी झालात की साधे बचत खाते एनआरओ खात्यात (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील पैशांसाठीच्या खात्यात) बदलावे लागते आणि त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरल्याच्या दाखल्यासह बाहेर पाठवता येते. चार्टर्ड अकाउंटंटची गाठ पुणे सोडण्यापूर्वीच घ्यावी. लंडनहून फोनवर हे काम फार रखडते.

८. परतल्यानंतर थंडीचे तीन महिने पुण्यात काढले तर चालेल का?

स्टेट पेन्शनला त्याने धक्का लागत नाही. पेन्शन क्रेडिट मात्र देशाबाहेर सामान्यतः ४ आठवड्यांपर्यंतच चालू राहते. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे ते ८ आठवड्यांपर्यंत आणि उपचारासाठी २६ आठवड्यांपर्यंत चालू शकते. जाण्यापूर्वी पेन्शन सर्व्हिसला कळवावे. न कळवता तीन महिने राहिल्यास परतल्यावर वसुलीचे पत्र येते, आणि त्या पत्राने हादरलेल्या वृद्धांचे फोन आम्हाला दर वसंतात येतात.

९. घर कसे शोधायचे? क्रेडिटची नोंद नाही म्हणून घरमालक नकार देतात. कौन्सिल घर देईल का?

अनेक वर्षे बाहेर राहिलेल्याची क्रेडिट नोंद (कर्जे आणि बिले वेळेवर फेडल्याची नोंद) कोरी असते. पूर्वी यावर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देणे हा सर्रास उपाय होता. रेंटर्स राइट्स कायद्यामुळे १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये खासगी घरमालकाला करारापूर्वी आगाऊ भाडे घेता येत नाही आणि करार झाल्यावरही सुरुवातीला एका महिन्यापेक्षा जास्त मागता येत नाही. हा कायदा भाडेकरूच्या बाजूचा असला तरी परतणाऱ्यांचा एक मार्ग त्याने बंद केला आहे. आता जामीनदार म्हणून ब्रिटनमध्ये कमावता मुलगा, मुलगी किंवा पुतण्या असणे अधिक महत्त्वाचे झाले आहे. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असल्यास डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

कौन्सिलच्या घरासाठी प्रतीक्षायादी लांब असते आणि बहुतेक कौन्सिले स्थानिक नाते पाहतात. बेघर म्हणून अर्ज केल्यास गेल्या १२ पैकी ६ महिने किंवा गेल्या ५ पैकी ३ वर्षे तेथे वास्तव्य असणे, किंवा तेथे सज्ञान मुले, भावंडे वा आईवडील पाच वर्षांपासून राहत असणे हे सामान्यतः स्थानिक नाते मानले जाते. म्हणून ज्या गावात मुले आहेत तेथेच परतावे. लंडनच्या ओढीने तेथे उतरून मग हाल काढण्यात अर्थ नाही. हाउसिंग असोसिएशनांची (ना-नफा गृहसंस्थांची) ज्येष्ठांसाठीची शेल्टर्ड, म्हणजे देखरेखीची सोय असलेली घरे हा पर्यायही विचारून पाहावा. उत्तर इंग्लंडमध्ये ती तुलनेने लवकर मिळू शकतात.

१०. वैद्यकीय खर्चाचे काय? आणि काळजी घेणारे माणूस लागले तर?

कायमचे राहायला आलेल्या नागरिकाला एनएचएस पहिल्या दिवसापासून मोफत आहे. जीपीकडे लगेच नाव नोंदवावे आणि भारतातील तपासण्यांचे अहवाल सोबत आणावेत. इंग्लंडमध्ये ६० वर्षांनंतर औषधे आणि डोळ्यांची तपासणी मोफत आहे. दंतउपचार वयामुळे मोफत होत नाहीत (प्रश्न ६ पाहा).

अटेंडन्स अलाउन्स हा दैनंदिन मदत लागणाऱ्या ज्येष्ठांचा भत्ता आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड असतो आणि तो उत्पन्न न पाहता दिला जातो. पण त्यासाठी गेल्या तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षे देशात हजर असावे लागते. असाध्य आजाराने आयुष्य थोडे उरले असल्यास ही अट नाही, आणि युरोपीय देशांतून परतणाऱ्या काहींना वेगळे नियम लागू होतात. स्कॉटलंडमध्ये या भत्त्याचे नाव आणि नियम दोन्ही वेगळे आहेत.

घरी किंवा केअर होममध्ये लागणारी काळजी एनएचएसमध्ये सहसा येत नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त भांडवल असल्यास तिचा संपूर्ण खर्च स्वतः करावा लागतो. या एका गोष्टीची जाणीव फार थोड्यांना असते, आणि म्हातारपणची शिल्लक सर्वांत वेगाने संपते ती येथेच.

११. हीटिंग, कौन्सिल टॅक्स, प्रवास यांत कोठे बचत होते?

एकटे राहत असाल तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते, ती उत्पन्नावर अवलंबून नाही. विंटर फ्युएल पेमेंट इंग्लंड आणि वेल्समध्ये घरामागे २०० पौंड, ८० वर्षांनंतर ३०० पौंड असते. २०२५ च्या हिवाळ्यापासून ज्यांचे वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांपेक्षा जास्त आहे त्यांच्याकडून ते परत घेतले जाते. इंग्लंडमध्ये पेन्शनचे वय गाठल्यावर बसप्रवास मोफत होतो, लंडनमध्ये साठाव्या वर्षापासूनच. वीज-गॅसचे दर ऑफजेम या ऊर्जानियामकाच्या मर्यादेने बांधलेले असले तरी ते दर तीन महिन्यांनी बदलतात. पैसे वाचवण्यासाठी घर थंड ठेवू नये. उबदार देशात वीस वर्षे काढलेल्या शरीराला पहिला हिवाळा फार जड जातो.

१२. परतल्यावर कर किती भरावा लागेल? परदेशी उत्पन्नावर चार वर्षे सूट आहे असे ऐकले.

सूट आहे, पण ती सर्वांच्या सोयीची नाही. सलग दहा करवर्षे अनिवासी राहून ६ एप्रिल २०२५ नंतर परतणाऱ्याला पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्न आणि भांडवली नफ्यावर ब्रिटनमध्ये कर न भरण्याची मुभा मागता येते, आणि ती ब्रिटिश नागरिकांनाही मिळते. मात्र ज्या वर्षी ती मागाल त्या वर्षी १२,५७० पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा जाते. स्टेट पेन्शन आणि पुण्यातले थोडे व्याज एवढेच उत्पन्न असलेल्याने ती मागितली तर उलट नुकसान होते. मोठा फ्लॅट विकायचा असेल त्या वर्षी मात्र हिशेब करून पाहावा. भारतात भरलेल्या कराचे श्रेय दोन्ही देशांतील १९९३ च्या करारानुसार मिळते.

१३. आम्ही स्पेनहून परतत आहोत. आमच्यासाठी काय वेगळे आहे?

तुमची पेन्शन गोठलेली नसल्याने प्रश्न ४ मधली वाढ तुम्हाला मिळणार नाही. परतल्यावर एस-१ ची (स्पेनमधील उपचारांचा खर्च ब्रिटनने उचलावा यासाठीच्या फॉर्मची) नोंद बंद करावी. घर विकण्याची वेळ नीट निवडावी: ६५ वर्षांवरील स्पेनच्या रहिवाशाने आपले राहते घर विकल्यास नफ्यावर कर लागत नाही, तर अनिवासी झाल्यावर विकल्यास खरेदीदाराला किमतीच्या ३ टक्के रक्कम कापून करखात्याकडे भरावी लागते. सामानावर आयातकर लागू नये म्हणून ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत सामान निघण्यापूर्वीच मागावी. हा शेवटचा मुद्दा भारतातून येणाऱ्यांनाही लागू आहे.

१४. माझा पासपोर्ट भारतीय आहे, पण मी चाळीस वर्षे ब्रिटनमध्ये राहिलो होतो. मला परतता येईल का? माझ्या बहिणीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तिचे काय?

इंडेफिनिट लीव्ह (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) असलेली व्यक्ती सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिली की तो हक्क संपतो. मग रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा मागावा लागतो आणि ब्रिटनशी टिकून असलेले घट्ट नाते दाखवावे लागते. गोव्यातील अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि त्यांपैकी काहींनी ब्रिटनमध्ये सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांसाठीचा कायम राहण्याचा दर्जा) मिळवले आहे. ते सलग पाच वर्षांच्या गैरहजेरीने संपते. तारखा मोजूनच बेत आखावा.

१५. मी ब्रिटिश, पत्नीचा पासपोर्ट भारतीय. तिला सोबत आणता येईल का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. जोडीदाराच्या व्हिसासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते. पेन्शन त्यात धरली जाते, पण पूर्ण स्टेट पेन्शनही वर्षाला १२,००० पौंडांच्या आसपासच भरते. उत्पन्न काहीच नसेल तर सहा महिने खात्यात असलेले ८८,५०० पौंड चालतात, आणि पुण्यातला फ्लॅट विकून ती रक्कम उभी करता येते. शिवाय आरोग्य अधिभार (एनएचएससाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि त्या व्हिसावर पत्नीला सरकारी भत्ते मागता येत नाहीत.

पतीला अटेंडन्स अलाउन्स मिळत असेल तर २९,००० ची अट लागत नाही, दोघांचे पुरेसे भागते एवढेच दाखवावे लागते. परंतु प्रश्न १० मधली दोन वर्षांच्या वास्तव्याची अट आठवावी: आजारी पतीने आधी एकट्याने परतून दोन वर्षे काढायची आणि मग पत्नीला बोलवायचे, असा त्याचा अर्थ होतो. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला हे सांगताना आम्हालाही जड जाते. म्हणून आमचा आग्रह असा की दोघेही धडधाकट असताना, पुण्यातले घर हाती असताना आणि व्हिसाच्या कामात अधिकृत परवाना असलेल्या सल्लागाराला कागद दाखवूनच हा निर्णय घ्यावा, आणि पत्नीचा व्हिसा हाती येईपर्यंत भारतातले घर मोडू नये.